आंदणाच्या गाईचा रंग

गाय काळी होती. पुढे जे घडले त्यात वाद याच एका गोष्टीचा झाला, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

आमचा मळा वलगावच्या शिवारात, पेढी नदीच्या अंगाला होता. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती. विहीर गोड पाण्याची. गाय त्याच मळ्यात जन्मली आणि खुरांपासून शिंगांपर्यंत काळी निघाली. संध्याकाळी कंदील लावण्याआधी गोठ्यात गेले तर ती दिसत नसे. अंधाराचाच एक तुकडा बसून सावकाश रवंथ करतो आहे, असे वाटे. माझ्या मोठ्या बहिणीला ती वेळ आवडायची. गाईच्या डाव्या भकाळीला, म्हणजे बरगड्या संपतात तिथल्या खळग्याला, कान लावून ती उभी राहायची. मलाही तिने ऐकायला लावले. आत आधी काहीच नसे. मग खूप लांबून, नदीपलीकडच्या रस्त्यावरून यावी तशी, एक भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, यायला लागे. ती जवळ येई, कानाखालून गडगडत जाई आणि पुन्हा लांब होई. मग सगळे शांत. मग दुसरी बंडी.

"कोन चाललं असन बाई इतक्या बंड्या घेऊन?" मी विचारायचो.

"बाजारले चालले," ती म्हणायची. "जातानी कडबा नेतात, येतानी दूध आनतात."

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि लढाई सुरू होती. पण लढाईच्या बातम्या अमरावतीच्या छापखान्यापर्यंत येत; मळ्यापर्यंत फक्त रॉकेलची टंचाई आली. त्या वर्षांत बहिणीचे लग्न झाले. घर मिळाले ते अकोल्याच्या पुढे, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळी, खोल, कपाशीला चांगली. विहिरींचे पाणी मात्र खारट. नवरदेव एकुलता, घरात फक्त त्याची आई. वडिलांनी गाय आंदण दिली. आमच्याकडे समज असा की आंदणाला काळी गाय गेली तर पोरगी त्या घरात रुजते.

लग्नाच्या दिवशी मायने गाईला करडईचे तेल चोळले. दाव्याने घासून मानेवरचा एक पट्टा भुरका झाला होता. त्यावर तिने तव्याखालची काजळी तेलात कालवून लावली. आंदणाची वस्तू मांडवात झळकावी, इतकेच तिच्या मनात होते. नवरदेवाने रिवाजाप्रमाणे गाईच्या मानेवर हात ठेवला आणि मग, कुणाचे लक्ष नाही असे समजून, तो आपल्या नव्या धोतराला पुसला. पांढऱ्या धोतरावर काळी बोटे उमटली. मांडव हसला. नवरदेवाची आई हसली नाही. ते धोतर तिने धुवायला टाकले नाही, घडी करून पेटीत ठेवले, हे आम्हाला फार उशिरा कळले.

दुसऱ्या वर्षी, फाल्गुन लागला तेव्हा, मामा अकोल्याकडून आले. ते फुलांचा व्यापार करायचे आणि फुलांबरोबर बातम्याही आणायचे. मळ्यात वडील वाफे मोडत होते. मामा बांधावर उभे राहिले आणि बसायच्या आधीच म्हणाले,

"काय भानगड हाय गा ते गाईची?"

"कोनत्या गाईची?"

"पोरीले देल्ली ते. तिकडं बोभाटा हाय. वलगाववाल्यायनं गाय रंगवून देल्ली म्हन्ते. रंग उडाला अन् आतून तांबडी निघाली."

वडील हसले. "गाय हाय का लुगडं? एका धुण्यात रंग जायले?"

"हासू नोका. मी डोयानं पाहून आलो. तांबडी झाली हाय. अन् ईहीनबाईजवळ धोतर हाय, त्याच्यावर काळी बोटं हायेत."

वडिलांचे हसू गेले. मामांनी विहिणीचा निरोप सांगितला तो असा: अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाय आणि सून दोघी माहेरी धाडतो. न्यायला येऊ तेव्हा काळी गाय दाखवा, नाहीतर दोघी राहू द्या तिकडेच.

मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या मायने दोन्ही तळहात उलटे करून पाहिले, जणू काजळी अजून तिथेच होती. "मले वाटलं, चांगली दिसन," ती शेवटी म्हणाली.

मी तेव्हा अमरावतीच्या एका साप्ताहिकात नव्याने लागलो होतो. संपादकांची शिस्त अशी: पाहिले ते लिहा, वाटले ते खोडा. पाडव्यापर्यंतची रजा काढून मी निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली, अकोल्यापासून पुढे बंडीने गेलो. दुपार होती. खारपाणपट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडी जमिनीवर पांढरा फुलोरा येतो. मीठ वर येते. काळ्या ढेकळांवर ती पांढरी साय, तिच्यावर ऊन, आणि लांब कुठेतरी पाणी असल्याचा भास. बंडीवाला पेंगत होता, बैल आपल्या मनाने चालत होते. मलाही डुलकी लागली आणि त्या डुलकीत मी पुन्हा भकाळीला कान लावून उभा होतो. बंडी गडगडत होती. ती आत चालली आहे की बाहेर, हे जाग येईपर्यंत ठरेना.

गाय अंगणातल्या निंबाखाली बांधलेली होती. मी तिला शिंगांवरून ओळखले. अंगाचा रंग जुन्या गंजलेल्या विळ्यासारखा झाला होता. डोळ्यांभोवती केस अगदी फिकट, कुणी चष्मा चढवावा तसे दोन गोल. केसांची चमक गेली होती, पाठ राठ दिसत होती. शेण पातळ. आणि ती भिंत चाटत होती. मन लावून, जिथे पोपडे निघाले होते तिथेच.

बहीण पाण्याची घागर घेऊन आली. तिने मला पाहिले, घागर उतरवली, आणि बरे आहे ना असेही न विचारता म्हणाली, "बंड्या कमी झाल्या रे. दिवसदिवस एखादी जाते."

घरात येताच तिच्या सासूने माझ्यापुढे गुळाचा खडा आणि पाणी ठेवले. पाहुणचारात कमी नव्हती. मी पाणी प्यायलो. ते गोड होते.

"प्या, गोडं हाय," ती म्हणाली. "तळ्याचं. मानसायले गोडं, ढोरायले खारं. तुमच्याकडं काय बाप्पा, ढोरंबी गोडं पेतात. म्हनून त रंग चढते तुमच्याकडं."

"रंग नव्हता लावला, आत्याबाई," बहीण म्हणाली.

"मंग माह्या पोराच्या धोतराले काय लागलं होतं वं, बुक्का?"

मी मायची हकिगत सांगितली. तेल, काजळी, मानेवरचा भुरका पट्टा. जे होते ते सांगितले. सासूने ऐकून घेतले आणि मान डोलावली. "म्हन्जे लावला होता," ती म्हणाली. खरे सांगून आमची बाजू पहिल्यापेक्षा लंगडी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला ढोरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर देशावरचे होते, बोलके आणि थोडे विसराळू. बुळकांडीची लस टोचायला ते त्याच बाजूला निघाले होते. मी गाईचा रंग सांगितला, तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली. "डोळ्यांभोवती आधी उतरला का?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. ते उठलेच.

अंगणात त्यांनी गाईच्या भकाळीवर नळी लावली आणि डोळे मिटले. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. बहीण त्यांच्याकडे पाहत होती. आपल्यासारखे आणखी कुणी ऐकते, हे तिने पहिल्यांदाच पाहिले असावे.

"पोट मंद आहे," ते म्हणाले. "बाई, तुम्ही आंबील करता ना?"

हा प्रश्न सासूला होता. ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून मडक्यात आंबत ठेवतात, ती आंबील. तिच्यासारखी आंबील गावात कुणाची नव्हती. "करतो ना," ती म्हणाली. "काहून?"

"गाईचं पोट म्हणजे तुमचं आंबिलीचं मडकं. चारा गाय पचवत नाही. पोटात बारीक जीव असतात, ते तो आंबवतात. ते आंबवतील तेवढंच गाईला मिळतं. हिचं आंबणं बिघडलंय. आणि माझ्या मते हिला तांबं कमी पडतंय. या खाऱ्या पाण्यात गंधकाचा अंश आहे, तो पोटात जाऊन तांब्याला धरून ठेवतो, गाईच्या रक्तापर्यंत पोचू देत नाही." ते माझ्याकडे वळले. "हा माझा तर्क आहे. छापू नका."

मी छापले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी असेच काहीसे पुस्तकांत आले, तेव्हा ते डॉक्टर कुठे होते मला माहीत नव्हते.

"तांबं कमी?" सासू म्हणाली. "हे तांबडी झाली, डाक्टरसायेब. अंगात तांबं जास्ती झालं म्हनूनच तांबडी झाली. नावच सांगते."

"उलट आहे. तांबं असलं तर केस काळा रंग धरतात. कमी झालं की तांबडे पडतात."

"तांबं कमी झालं का तांबडी अन् जास्ती झालं का काळी?" तिने पदर तोंडाला लावला. "मंग माह्या घरात अक्कल कमी झाली, त मी शायनी म्हनाव का?"

डॉक्टरही हसले. मग त्यांनी पिशवीतून निळा खडा काढला. मोरचूद, तांब्याचाच क्षार. वऱ्हाडात तो प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा होता. ज्वारीवर काणीचा रोग पडू नये म्हणून पेरणीआधी बियाणे मोरचुदाच्या पाण्यातून काढत. सासूचे हसणे थांबले.

"हे पाजता? हे काणी मारते. तुमीच म्हनले पोटात जीव हायेत, आंबवतात म्हनून. ते नाई मरनार?"

"थोडं दिलं तर नाही. थोडं त्यांनाही लागतं."

"कल्हई उडालेल्या भांड्यात आंबील ठेवली का इख होते. आंबट अन् तांबं एका जागी ठेवू नाई, हे लहान पोट्टीले समजते. तुमीच म्हनता पोट म्हन्जे आंबिलीचं मडकं, अन् तुमीच त्याच्यात तांबं टाकता."

तिच्या बोलण्यात चूक काढणे अवघड होते. डॉक्टरांनी उपमा दिली होती, तिने ती शेवटपर्यंत चालवली होती. त्यांची नजर तिच्या कमरेच्या पानाच्या बटव्यावर गेली.

"पानाला चुना किती लावता?"

"नखावर राहीन इतका."

"डबीभर लावला तर?"

"तोंड फाटन."

"आणि लावलाच नाही तर?"

तिने बटवा पदराखाली घेतला आणि म्हणाली, "पान मी खातो, गाय नाई खात." पण आवाज उतरला होता. शेवटी तिने सुनेकडे बोट केले. "करा काय करता ते. अखाजीपावतर गाय हिची हाय, माही नाई."

"व्हय," बहीण म्हणाली. "माहीच हाय."

तिने सासूला उलट उत्तर दिलेले मी त्याआधी ऐकले नव्हते. सासूनेही ऐकले नसावे. तिने सुनेकडे नीट वळून पाहिले.

डॉक्टरांनी सांगितले ते दोनच गोष्टींचे होते. हरभऱ्याएवढा खडा हंडाभर पाण्यात विरघळवून एक दिवसाआड पाजायचा. आणि जमेल तेवढे तळ्याचे गोडे पाणी द्यायचे. तळे गावाबाहेर होते. बहीण घरच्यासाठी पाणी आणायचीच, आता गाईसाठी जास्तीच्या खेपा करू लागली. पाणवठ्यावरच्या बायांनी तिचे नाव ठेवले. "आली वं, गाईची पाणक्या आली," असे त्या म्हणत. पहाटेच्या उजेडात ती मिठाच्या पांढऱ्या पट्ट्यावरून घागर घेऊन येताना दिसे. पाय जमिनीला लागतात की नाही असे वाटावे इतकी ती हलकी चाले, कारण पाणी सांडून चालणार नव्हते.

आता माझ्या भाऊजींविषयी. ते भले गृहस्थ होते. आई आणि बायको यांच्यामध्ये उभे न राहता ते दोघींच्या बाजूला उभे राहायचे, हा त्यांचा स्वभाव. गाय बरी व्हावी असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि एका सकाळी, बहीण तळ्यावर गेली असताना, त्यांनी मोरचुदाचा खडा स्वतः फोडला.

"हरभऱ्याएवढ्यानं काय होते?" ते मला नंतर म्हणाले. "उंदीर हाय का? इतकं मोठं जनावर. मी सुपारीएवढा टाकला. म्हनलं, अखाजी जवळ आली, लवकर काळी होईन."

दुपारपर्यंत गाईने मान खाली घातली. रवंथ थांबले. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि पुढ्यातल्या कडब्याकडे ती पाहतही नव्हती. बहिणीने भकाळीला कान लावला. मग मला बोलावले. मी कान लावला. आत काहीच नव्हते. पूर्वी दोन बंड्यांच्या मध्ये जी शांतता असे, ती नव्हती. ती शांतता कशाची तरी वाट पाहणारी असे. ही निराळी होती. गाव उठून गेल्यावर रस्त्यावर असते तशी.

निंबाची फुले गळत होती आणि गाईच्या पाठीवर पडत होती. ती कातडे हलवून झटकतही नव्हती. भाऊजी ओट्यावर डोके धरून बसले होते. बहीण रडत नव्हती. ती गाईच्या गळ्याखाली हात फिरवत होती आणि मला माहीत होते की ती अखाजीचा विचार करते आहे: गाय मेली तर काळी की तांबडी हा प्रश्नच उरत नाही, आणि आपण मागे फिरतो ते कायमचे.

सासू बाहेर आली. तिने गाईकडे पाहिले, लेकाकडे पाहिले. "सांगितलं होतं मी," असे ती म्हणणार, असे आम्हा सगळ्यांना वाटले. ती गाईजवळ गेली, खाली वाकली आणि तिने भकाळीला कान लावला. कसा लावतात हे तिने सुनेचे पाहून घेतले होते.

"मडकं बंद पडलं," ती उभी राहून म्हणाली. आणि जरा वेळाने, कुणालाच उद्देशून नाही असे: "आंबील बसली नाई का आपन काय करतो? शेजारून आनतो ना थोडीशी."

शेजारीण ही तीच, जिला तिने रंगाचा पुरावा म्हणून ते धोतर उलगडून दाखवले होते. कुंपणाच्या अलीकडून सासूने हाक मारली.

"अवं मावशी, विरजन पायजे होतं."

"ताकाचं?"

"बैलाचं."

पलीकडून शेजारणीचे डोके कुंपणावर आले. "उन्ह लागलं का वं तुले?" शेजारीण म्हणाली.

"तुहा पांढऱ्या बैल रवंथ करून रायला ना? त्याच्या तोंडातला घास दे. आमची माय करे असं. आता आठोलं मले."

"त्या रंगवलेल्या गाईसाठी?"

सासूने कुंपणावर दोन्ही हात ठेवले. "माह्या सुनेच्या गाईसाठी," ती म्हणाली. "देतं का नाई सांग. चार घरं हायेत अजून."

शेजारणीने दिले. तिच्या नवऱ्याने बैलाचा जबडा धरला, सासूने कोपरापर्यंत बांगड्या वर सारून त्याच्या तोंडातला कोमट, हिरवा, अर्धा चावलेला घास काढून घेतला. बैलाने तिच्याकडे अपमान झाल्यासारखे पाहिले. घास तिने गोड्या पाण्यात कालवला, गुळाचा खडा टाकला, आणि बहिणीने गाईची मान वर धरली. ढोरांना औषध पाजायची बांबूची नळी असते, त्या नळीने सासूने ते आत सोडले. संध्याकाळी पुन्हा एक घास आणला. सकाळी पुन्हा. बैलाला ती लांबून दिसली तरी तो चघळणे थांबवू लागला.

मग वाट पाहणे. मला आठवते ते असे: उन्ह उतरले आहे, अंगणात निंबाची सावली मिठासारख्या पांढऱ्या धुळीवर लांब झाली आहे, आणि दोघी गाईच्या डाव्या अंगाला कान लावून उभ्या आहेत. बहीण मागच्या बाजूला, सासू पुढच्या. दोघींचे चेहरे एकमेकींकडे, मध्ये गंजलेल्या रंगाचे कातडे. दोघींचे डोळे मिटलेले. त्या झोपल्या असाव्यात असे वाटले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही.

सासूने आधी डोळे उघडले.

"काय वाजलं वं?"

"बंडी," बहीण म्हणाली.

"भरेल हाय का रिकामी?"

"रिकामी असन. आत्ता त निघाली."

दुसऱ्या दिवशी गाईने घास वर आणला आणि चघळला. घास किती, कसा, हे मोजायचे कुणाला सुचले नाही. मोरचूद पुन्हा सुरू झाला, हरभऱ्याएवढा. खडा आता सासूच्या पानाच्या बटव्यात असे आणि लेकाला तिथे हात लावायची बंदी होती. कशाने काय झाले याचा निवाडा मी केला नाही, आजही करत नाही. बैलाच्या घासाने, गोड्या पाण्याने, निळ्या खड्याने, की नुसती वेळ गेल्याने, यांतले एकेक वेगळे करून पाहण्याची त्या अंगणात सोय नव्हती. मी रजा संपवून अमरावतीला परतलो.

अखाजी आली. वडील सकाळपासून मळ्याच्या तोंडाशी होते. माय दर बंडीला उठून पाहत होती. कुणीच आले नाही; गायही नाही, बहीणही नाही. दोन दिवसांनी मामा आले.

"नाई धाडली," ते म्हणाले.

"काहून?" वडिलांनी विचारले.

"गाईजवळ कोन थांबन म्हन्ते. सासू म्हन्ते, सून गेली त गाय पानी पेत नाई."

"अन् रंग?"

"तांबडीच हाय अजून."

मायने मेथीची जुडी हातात तशीच धरली. सण माहेरी न झाल्याचे दुःख तिने त्या दिवशी केले नाही.

कार्तिकात भाऊबिजेसाठी बहिणीला आणायला मी गेलो. ज्वारी निसवली होती, कपाशी फुटत होती. रानात पांढरे होते, पण ते मिठाचे नव्हते. अंगणात शिरलो तेव्हा गाय बसलेली होती आणि तिचे तोंड हलत होते. लांबून ती तांबूसच दिसली. माझा पाय अडखळला ते सासूने पाहिले.

"इकडं या," ती म्हणाली. "लांबून नोका पाहू. लांबून सगळेच पाहतात."

तिने गाईच्या पाठीवर दोन्ही अंगठे ठेवले आणि केस बाजूला सारले, पोरीच्या केसांत भांग पाडावा तसे. टोकाला तांबडे होते. खाली, कातड्यालगत, काळे. तिने दुसरीकडे भांग पाडला, तिथेही काळे. डोळ्यांभोवतीचा चष्मा तर जवळजवळ विरला होता.

"मुळातून काळी हाय," ती म्हणाली. माझ्याशी बोलत होती, पण आवाज कुंपणापलीकडे जावा इतका मोठा होता. "वरतून तांबडी पडली होती. काजळ लावलं असतं त वरतून काळी अन् मुळात तांबडी असती. हे उलटं हाय. कोनी बी येऊन पाहाव."

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "पाहून झालं बाई. पाच खेपा दाखोलं."

"साहाव्यांदा पाह्य."

बहीण आतून पिशवी घेऊन निघाली. बंडीत गोधडी घातलेली होती. भाऊजींनी तिचे बोचके चढवले. सासू गाईच्या अंगावरून फडके फिरवत होती, ओलसर, गोड्या पाण्यात पिळलेले. मी ते फडके पाहिले. काठ लग्नातल्या धोतराचा होता. एका कोपऱ्यात काळी बोटे होती, फिकट झालेली, पण मोजता येतील अशी.

"हे काढलं वाटते पेटीतून," मी म्हणालो.

"पडूनच होतं," ती म्हणाली. तिने फडके उलटे केले आणि गाईची मान पुसू लागली. मग माझ्याकडे न पाहता: "भाऊबीज झाली का दुसऱ्या दिवशी धाडजा. जास्ती ठेवून घेऊ नोका. गाय तिच्या हातानंच पेते."

"तुमच्या हातानं नाई पेत?" भाऊजी म्हणाले.

"तू चूप राह्य, सुपारी."

बहीण बंडीत चढायच्या आधी गाईकडे गेली. तिने डाव्या अंगाला कान लावला. बंडीवाल्याने बैलांना थोपवून धरले. आम्ही सगळे उभे राहिलो. तिचे डोळे मिटले होते आणि ओठ किंचित हलत होते, जणू आत जाणाऱ्यांना ती काही निरोप सांगत होती.

"किती चालल्या?" सासूने विचारले.

"रीघ लागली हाय, आत्याबाई," ती म्हणाली, आणि बंडीत येऊन बसली.